उर्झालच्या विस्कोंदेसाची सही

मी झेफेरिना. उर्झालच्या विस्कोंदेसाबाईंकडे एक्केचाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं, तेव्हा त्या घराण्याबद्दल मला कोणी शहाणपण शिकवू नये. लोक वाट्टेल ते बोलतात. किताब विकत घेतलेला होता म्हणतात. होता. मग? चोरलेला तर नव्हता.

बाईंचे आजोबा खेचरं हाकणाऱ्याचं पोर. बाराव्या वर्षी जहाजात बसून ब्राझीलला गेले आणि पन्नाशीला परत आले ते चार गाड्या सामान घेऊन. तिकडे काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ज्यांनी त्यांच्या घरी जेवणं झोडली त्यांनी विचारलंही नाही. नदीवर त्यांनी पूल बांधला, शहरातल्या धर्मादाय इस्पितळाला एक दालन दिलं, आणि राजाने त्यांना उर्झालचे विस्कोंद, म्हणजे उमराव, करून टाकलं. तेही दोन पिढ्यांपुरतं. तेव्हा किताब असेच मिळायचे, मोजून दिल्यासारखे. पुढच्याला हवा असेल तर त्याने पुन्हा राजाच्या दारात जायचं. गावाने समोर टोप्या काढल्या आणि पाठीमागे म्हणाले, "खेचरावरून उतरला नि उमराव झाला."

पण आमच्या गावाला पूल नको होता की इस्पितळ नको होतं. त्यांनी डोंगरातल्या आपल्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने गावच्या टाक्यात आणलं, ते खरं काम. तेव्हापासून त्या पाण्याच्या पाळ्या लागल्या आहेत. कोणाच्या मक्याला सोमवारी सकाळचे तीन तास, कोणाला बुधवारी दुपारचे दोन. आमच्याकडे लग्नात मुलीला पाण्याचे तास देतात. माझ्या आईला अर्धाच तास दिला होता, त्यावरून तिची सासू तिला मरेपर्यंत टोचत राहिली. झरा मात्र कागदोपत्री घराण्याचाच होता.

आजोबांमागून किताब मुलाकडे आला आणि तिथे दोन पिढ्या संपल्या. त्यांना दोन्ही मुलीच. धाकटी लग्न करून पोर्तोला गेली. थोरल्या डोना लिओकाडिया, म्हणजे आमच्या बाई, बिनलग्नाच्या राहिल्या. वडील वारल्यावर सगळे म्हणाले, संपला किताब. बाई एकट्या लिस्बनला गेल्या आणि चार महिने कचेऱ्यांच्या बाकांवर बसून राहिल्या. तिसऱ्या पिढीला किताब, आणि तोही बाईमाणसाला! कारकून कंटाळले, राजाने सही केली. त्या दिवसापासून बाईंनी स्वतःचं नाव कुठे लिहिलं नाही. त्या लोकांत तशीच रीत असते, किताबवाला नाव लिहीत नाही, किताब हीच सही. पाद्रीबाबांना चिठ्ठी असो की धोबिणीला द्यायच्या कपड्यांची यादी, खाली एकच ओळ: उर्झालची विस्कोंदेसा. तीस वर्षं हेच चाललं होतं.

मग १९१० च्या ऑक्टोबरात राजा जहाजात बसून पळाला, प्रजासत्ताक आलं आणि सगळे किताब रद्द झाले. बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. आकांत केला तो गाश्पारने. हा त्या धाकट्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, किताबाची वाट बघण्यापलीकडे काही न केलेला. बोटात घराण्याच्या चिन्हाची अंगठी घालून तो आमच्याकडे येऊन ठाण मांडून बसला. "हे प्रजासत्ताक नाताळपर्यंत टिकत नाही," म्हणायचा. नाताळ गेला. "ईस्टरपर्यंत," म्हणायला लागला, आणि माझे भाजलेले बटाटे संपवत राहिला.

त्यानेच गिऱ्हाईक आणलं. सेन्योर बार्रोझु, डोंगरापलीकडच्या खाणीचा मालक. खनिज धुवायला त्याला पाणी हवं होतं, सगळा झरा हवा होता. जेवताना गाश्पारने विषय काढला.

"मावशी, नुसती एक सही करायची आहे."

"आणि गावचा मका?" बाईंनी विचारलं.

"गावचा मका गाव बघून घेईल."

"नाही," बाई म्हणाल्या आणि पावाचा तुकडा मोडला.

तेव्हा त्याने पोटातलं ओठावर आणलं. आदल्या हिवाळ्यात बाईंना ताप भरला होता आणि आठ दिवस त्या मला त्यांच्या आईच्या नावाने हाका मारत होत्या. ते त्याने लक्षात ठेवलं होतं. दोन डॉक्टर लिहून द्यायला तयार आहेत म्हणाला, की बाई भ्रमिष्ट झाल्यात. मग पोर्तोचं वेड्यांचं इस्पितळ, आणि घरदार त्याच्या हाती. "माझ्यावर ही वेळ आणू नका, मावशी," असं वर आणि गोड आवाजात.

माझ्या हातात वाढायचा डाव होता. मी म्हटलं, "सेन्योर गाश्पार, तिथे दोन खाटा सांगून ठेवा. मीही येते. येताना कोंबड्या कापायची सुरी घेऊन येईन, म्हणजे वेडी आहे हे वेगळं सांगायला नको."

"झेफेरिना, गप्प बस," बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "गुरुवारी नोटरीला बोलाव. मी सही करते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी त्यांच्याशी अक्षर बोलले नाही, वाडगा टेबलावर आपटून निघून यायची. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीपाशी माझ्या तिवईवर बसल्या. हातात वर्तमानपत्र होतं. आमचे पाद्रीबाबा नवे कायदे मोठ्याने वाचून शिव्या घालायला आमच्याकडे यायचे आणि कागद तिथेच टाकून जायचे, त्यातलंच एक जुनं.

"मला वाचता येत नाही, आणि मी तुमच्याशी बोलत नाही," मी म्हटलं.

"बोलू नकोस. ऐक." त्यांनी वाचून दाखवलं. ज्यांना किताब होते त्यांनी ते खुशाल मिरवावेत, कोणी अडवणार नाही. पण ज्या कागदाने हक्क द्यायचा किंवा घ्यायचा, त्यावर आपलं साधं नाव लिहिलं पाहिजे. नाहीतर तो कागद रद्द.

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे मी तीस वर्षं करते तशी सही केली, तर त्या कागदाने तू चूल पेटव."

मी कांदा खाली ठेवला. "आणि त्यांच्या लक्षात आलं तर?"

"तर पाणी गेलं."

"नोटरीला कायदा माहीत असणार, बाई."

"असणारच. गाश्पारची मला भीती नाही, नोटरीचीच आहे." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला माझ्या दोन दिवसांची लाज वाटली. मी त्यांना वाइन गरम करून दिली आणि म्हटलं, "नोटरीला मी जिन्यावरून ढकलते." त्या हसल्या नाहीत.

गुरुवारी सगळे आले. नोटरी सेन्योर तेल्मु, सेन्योर बार्रोझु, गाश्पार आणि त्याचा एक डॉक्टर. बाई काळ्या रेशमी झग्यात बसल्या होत्या. कागद वाचून झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "यात आणखी एक ओळ घाला. मी पूर्ण शुद्धीत आहे अशी. डॉक्टरांनी त्याखाली साक्ष द्यावी, उगाच उद्या कोणी शंका काढायला नको." गाश्पार केवढा खूश झाला. त्याला वाटलं, मावशी आपलंच काम पक्कं करून देते आहे.

मग नोटरीने टाक पुढे केला आणि घसा साफ केला. "सेन्योरा, इथे सही. आता नव्या पद्धतीप्रमाणे, म्हणजे आपलं बाप्तिस्म्याचं नाव..."

मी हातातलं पेल्यांचं तबक खाली ठेवलं.

बाईंनी नोटरीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाश्पार," त्या म्हणाल्या, "यांचं म्हणणं आहे की मी धोबिणीसारखी सही करावी. तूच सांग. माझ्यामागून या घराची सही तुला करायची आहे."

गाश्पार कानापर्यंत लाल झाला. त्या माणसाला पाण्याची काही पडली नव्हती की पैशांचीही फारशी, त्याला पडली होती ती त्या एका ओळीची. त्याने अंगठीचा हात टेबलावर ठेवला. "सेन्योर तेल्मु, या घरात प्रजासत्ताकाची पद्धत चालत नाही. मावशी, आपल्या घराण्याची सही करा."

"पण कायदा..." नोटरी म्हणाला.

"कायद्याचं मी बघतो," बार्रोझु म्हणाला. याची गंमत वेगळीच. राजा पळाला तेव्हा याचा स्वतःचा बॅरन होण्याचा अर्ज लिस्बनला पडून होता, गेला बिचारा वाहून. "मला विस्कोंदेसाचीच सही हवी. चौकट करून कचेरीत लावणार आहे मी."

नोटरीने दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि टीपकागद पुढे सरकवला. बाईंनी लिहिलं: उर्झालची विस्कोंदेसा.

जूनमध्ये मका गुडघ्याएवढा झाला आणि बार्रोझुची माणसं पाट फोडायला आली. गावातल्या सगळ्या बायका पाटावर बसून राहिल्या, मीही बसले. उठवून दाखवा म्हटलं. प्रकरण शहरातल्या कोर्टात गेलं.

मला वाटलं होतं, कोर्टात वकील कागद फाडेल आणि आम्ही घरी येऊ. तसं नव्हतं. तिथे बाईंना स्वतः उभं राहावं लागलं. निम्मं शहर जमलं होतं, त्यातले कितीतरी विस्कोंदेसाची फजिती बघायला.

न्यायाधीशाने कागद दाखवला. "ही सही तुमची आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तुमच्या हातची?"

"हात माझा आहे. पण उर्झालची विस्कोंदेसा नावाची कोणी बाई या देशात नाही. तुमच्याच सरकारने तसं जाहीर केलंय, आणि ते खरं आहे असं मी इथे सांगते."

मागे कोणीतरी हसलं. मी वळून असं बघितलं की त्याचं हसणं घशातच राहिलं.

"मावशी!" गाश्पार उठून उभा राहिला. "तुम्ही काय बोलताय कळतंय का? आजोबांचा किताब आहे तो. तुम्ही लिस्बनला जाऊन आणलेला. माझ्यासाठी काय उरलं?"

"तुझ्यासाठी वय उरलंय, दोन हात उरलेत," बाई म्हणाल्या. "कामधंदा बघ."

मग त्याला आपले डॉक्टर आठवले. बाई भ्रमिष्ट आहेत, शुद्धीत नाहीत, असं तो ओरडायला लागला. न्यायाधीशाने त्याच कागदावरची ओळ त्याला वाचून दाखवली, साक्ष देणाऱ्या डॉक्टरच्या नावासकट, आणि खाली बसायला सांगितलं.

कागद रद्द झाला. बाईंना मात्र आपल्या जबानीखाली सही करायची होती, साध्या नावाने. त्या टाक घेऊन कितीतरी वेळ तशाच बसल्या. कारकुनाला वाटलं शाई नाही, त्याने दौत सरकवली. "जरा वेळ लागेल," बाई म्हणाल्या, "फार दिवसांत लिहिलं नाही." मग एकेक अक्षर काढत, शाळेतल्या मुलीसारखं, त्यांनी लिहिलं: लिओकाडिया द जेझुस तैशैरा. खेचरं हाकणाऱ्याचं आडनाव. मला अभिमानाने रडू येत होतं आणि त्या न्यायाधीशाच्या दोन कानाखाली द्याव्यात असंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

आम्ही गाडीतून परत आलो. पाटाला पाणी होतं, गावातल्या मारिकिन्याबाईची पाळी चालली होती, ती खोरं घेऊन बांध मोडत होती. घरी आल्यावर मी कोबीचं सूप वाढलं, मक्याचा पाव कापला. बाई जेवेनात.

"झेफेरिना," त्या म्हणाल्या, "पाद्रीबाबांना, गाडीवानाला, सगळ्यांना सांग. आजपासून मी डोना लिओकाडिया. चारचौघांत शपथेवर बोलून आले, आता घरात खोटं नको." आणि त्या रडल्या. वडील गेले तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

एक्केचाळीस वर्षं मी त्यांना बाई म्हणत आले. किताब पाहुण्यांसाठी होता, चुलीपाशी त्याची कधी गरज पडली नाही. त्यांचा एकही शब्द मी कधी मोडला नव्हता. पण मी कोर्टात काही शपथबिपथ घेतली नव्हती.

मी खुर्ची पुढे ओढली, चमचा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सेन्योरा विस्कोंदेसा, सूप निवतंय. जेवून घ्या."