सगळ्यात बारीक नळी

"ती फांदी कुणीतरी तोडा रे!" मास्तर चॅपलमधल्या उंच नळ्यांच्या ऑर्गनला लावलेल्या शिडीवरून ओरडले आणि खाली पट्ट्यांवर बोट ठेवून बसलेल्या त्यांच्या बायकोने मोकळा हात कपाळाला लावला. सकाळपासूनची ही चौथी आरोळी.

फांदी कुणी तोडणार नव्हतं. मेथडिस्ट मंडळींचं हे चॅपल ऐन झाडीत होतं. मागचं रान तीनशे वर्षांचं, नगरपालिकेने राखलेलं. तिथलं पानसुद्धा अर्ज केल्याशिवाय हलत नसे. उपनगरातले लोक त्या सावलीचं कौतुक करत कुत्री फिरवायचे. सूर लावायला आलेल्या माणसाला मात्र ती झाडी म्हणजे डोक्याला ताप. फांदी काचेवर आपटायची, पाखरं कलकलायची. त्यात आज फुलं मांडणाऱ्या बाया कुजबुजत होत्या आणि कुणीतरी गालिचा साफ करायचं यंत्र लावलं होतं.

"मी सूर लावू की तुमची साफसफाई ऐकत बसू?"

यंत्र थांबलं. बाया निमूट बाहेर गेल्या. चॅपलचा कारभार बघणाऱ्या बाई तेवढ्या दारात घुटमळल्या. "राग मानू नका मास्तर, पण मागच्या खेपेनंतरही वरचे सूर कर्कश लागत होते. या रविवारी नीट वाजलं नाही, तर समिती दुसरा माणूस बघणार आहे."

"चाळीस वर्षं कुणाला कर्कश लागले नाहीत!"

आधीच्या पाळकांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून लागले नव्हते. पण या मंडळींत पाळकांच्या बदल्या होतात. यंदा आलेल्या पाळकबाई स्वतः गाणाऱ्या निघाल्या. बाकीच्या चर्चनी विजेवरचे बाजे घेतल्यामुळे मास्तरांकडे हा एकच ऑर्गन उरला होता. तो गेला की मास्तर कायमचे घरी बसणार, हे बायकोला दिसत होतं.

ती एकेक पट्टी दाबत गेली आणि ते एकेक नळी जुळवत वर सरकले. शेवटच्या, सगळ्यात बारीक आवाजाच्या नळ्यांपाशी आल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "आता कशी शांतता झाली! पाखरंसुद्धा दमली वाटतं."

बायकोने खिडकीकडे पाहिलं. खिडकी सताड उघडी होती आणि चौकटीवर एक चिमुकलं पाखरू बारीक आवाजात जीव तोडून ओरडत होतं.

तिला संताप आला. पाखराचा, त्यांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दोन वर्षांपूर्वी याच नळ्यांपाशी त्यांनी वरून विचारलं होतं, "जुळलं का गं?" बस चुकायला आली होती, त्यांचा पाराही चढलेला होता, म्हणून ती म्हणाली, "जुळलं." जुळलं नव्हतं. मग तेच अंगवळणी पडलं.

"ही शेवटची नळी मुकी झालीय," मास्तर करवादले. पेन्सिलीएवढी ती नळी उपसून त्यांनी फुंकली आणि परत बसवली. "दाब! दाबलीस का?"

"दाबलीय."

"मग वाजत का नाही?"

नळी तिच्या कानात किंचाळत होती, आणि तीही बेसूर.

"अहो, वाजतेय. मघापासून वाजतेय. पाखरंही ओरडताहेत. एवढे बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत."

ते शिडीवरून उतरले. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि दर खेपेला तू 'जुळलं' म्हणत होतीस."

"हो."

"म्हणजे माझं नाव तू घालवलंस."

तुमच्या रागाला भ्यायले, हे उत्तर तिने दोन वर्षं तयार ठेवलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहून ते तोंडातून निघेना. "हो, मीच," ती म्हणाली.

मास्तरांनी नळीचं तोंड ठोकून सूर जुळवायचा हातातला शंकू तिच्यापुढे धरला. "चढ."

"मी? या गुडघ्यांनी?"

"मला कान नाहीत, तुला गुडघे नाहीत. चढ म्हणतो ना!"

ती कुरकुरत, शिडी घट्ट धरत वर पोचली. मास्तर तिच्या जागी बसले, त्यांनी शेवटची पट्टी दाबली आणि काहीच न ऐकता एकटक तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हळू ठोक," ते म्हणाले. "आणि या खेपेला खरं सांग."