दर्याबाबाचं न भिजणारं वस्त्र

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात मिठबावच्या वाळूवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दर्याबाबाने पांढरं सुती कापड दोन्ही हातांत ताणून धरलं. चेल्याने त्यावर तांब्या उपडा केला, तर पाणी पाऱ्याच्या गोळ्यांसारखं घरंगळून खाली पडलं. कापड कोरडं ठणठणीत!

"याला पाणी शिवत नाही, ऊन भेदत नाही!" बाबा गरजला. "सागराने मला वचन दिलंय! हे ज्याच्या अंगावर, त्याला लाट गिळणार नाही!"

वचन सागराचं होतं, कोंबडे मात्र बाबाच्या खुराड्यात जमा होत होते. यशोदाच्या नवऱ्याने, बाबलीनेही एक कोंबडा देऊन कापड आणलं. समुद्र खवळलेला, एकही होडी पाण्यात नव्हती. यशोदाने त्याचा हात धरला, तो त्याने हिसडला.

"बाबाचो कपडो आसा गो माझ्या आंगार," तो हसत म्हणाला, आणि होडी पाण्यात लोटून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत खडकांत सापडलं. डोकं फुटलेलं, छातीला ते कापड घट्ट बांधलेलं.

गावकरी बाबाला जाब विचारायला गेले. बाबाने डोळे मिटले. "बायको अपवित्र. तिच्या पापाने वस्त्राची शक्ती गेली."

एवढं पुरलं. बाबलीचा धाकटा भाऊ धोंडू याने यशोदाला केसांना धरून अंगणात ओढलं. "माझ्या भावाक खाल्लंस तू!" वल्हं तिच्या डाव्या मनगटावर बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. तिच्याबरोबर भाताची लावणी करणाऱ्या बायकांनी दगड उचलले. एक कपाळावर लागला, डोळ्यांत रक्त उतरलं. शाळेतले गणपत मास्तर धावत आले, तिच्यावर आडवे पडले, पाठीवर वल्ह्याचे तडाखे खाल्ले आणि तिला उचलून घरी घेऊन गेले.

मास्तर हाताला बांबूच्या कांबट्या बांधत होते, तेव्हा ती रडली नाही. प्रेतावरून सोडलेलं कापड तिने कनवटीतून काढलं. ते आता वाळलं होतं. तिने त्यावर पाणी शिंपडलं. थेंब गोळे होऊन पळाले.

"मास्तरानू, माझ्या पापान शक्ती गेली म्हणतत. मगे ह्यो अजून भिजणा नाय कसो? आनि शक्ती आसा, तर माझो घोव बुडलो कसो?"

मास्तरांनी कापड हातात घेऊन उजेडात धरलं. "आख्ख्या गावात ह्या कोणी इचारूक नाय गो!"

तरुणपणी मुंबईच्या गिरणीत काम शिकताना त्यांनी कापडावर लेप चढवताना पाहिलं होतं. जुन्या धोतराचा तुकडा त्यांनी साबणाच्या दाट पाण्यात बुडवला, पिळला, मग तुरटीच्या पाण्यात बुडवला आणि चुलीवर वाळवला. वर पाणी ओतलं. घरंगळलं!

सकाळी सुजलेल्या तोंडाने यशोदा वाळूवर बाबाभोवती जमलेल्या गर्दीत शिरली. पुन्हा दगड उचलले गेले. मास्तरांनी धोतराचा तुकडा धोंडूसमोर धरला. "ओत पाणी. तुझ्या हातान."

धोंडूने ओतलं. पाणी वाळूत पडलं, धोतर कोरडंच.

"साबण आणि तुरटी एकत्र आली की धाग्यावर मेणासारखा लेप बसतो," मास्तर म्हणाले. "थेंब आत शिरत नाही. बस्स, एवढंच! पण कापड भिजलं नाही म्हणून माणूस तरंगत नाही."

मग धोंडू किंचाळला आणि बाबाच्या जटांना लोंबकळला. दहा हातांनी बाबाला पाण्याकडे फरफटत नेलं. शाप देणाऱ्या बाबाची शुद्ध भाषा गळ्याशी पाणी येताच पार वाहून गेली. "मेलंय! सोडा रे माका! माका पोहूक येणा नाय! साबणच तो, तुरटीच ती!"

धोंडूने त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं.

यशोदा लाटांत शिरली आणि धड हाताने तिने धोंडूची मान पकडली. "सोडा तेका!"

"तुझ्या घोवाचो जीव घेतल्यान हेना!"

"काल बाबान सांगल्यान म्हणून तुमी माझो जीव घेत होतास, भावोजी. आज मास्तरान सांगल्यान म्हणून ह्येचो घेतास. सोता इचार कधी करतालास?"

धोंडूचे हात ढिले पडले. खोकत, ओकत बाबा वाळूवर आला. त्याला देवगडच्या पोलिसांकडे नेण्यासाठी बांधलं, तेव्हा यशोदा काठावरच्या बायकांकडे वळली. त्यांच्या हातांत दगड अजून होते.

"पुढे कोणी चमत्कार दाखवल्यान तर हात जोडूच्या आधी तेका इचारा, ह्या कसा केलंस? तेना सांगूक नाय, तर तुमी करून बघा. देव तुमका रागावचो नाय."