गाड्यावर ठेवा, कपाटात नको

मी ग्रंथालयातला पुस्तकांचा गाडा बोलतोय. आधीच माफी मागतो. माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि शब्द साधे. पुस्तके खूप वाहिली, पण उघडून बघायला हात नाहीत. कानावर पडले तेवढेच शिकलो.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरगावात मी अकरा वर्षे आहे. इथल्याच सुताराने मला घडवले. पुढचे डावे चाक कुरकुरते. ग्रंथपाल गुन्वोरबाई मला ढकलतात. वाचून झालेली पुस्तके लोक माझ्यावर ठेवतात. बाई त्यातले एकेक यंत्राला दाखवतात आणि मग कपाटात लावतात. पुस्तक कोणी घरी नेले नाही तरी वाचले गेले, हे यंत्राला एवढ्यावरूनच कळते.

मला नोव्हेंबरची भीती वाटते. तेव्हा यंत्र यादी काढते. पाच वर्षांत ज्यांना कोणी हात लावला नाही ती पुस्तके माझ्यावर लादली जातात. बाई त्यांच्यावर 'बाद' असा शिक्का मारतात, आणि मागच्या दारी रद्दीच्या पेटीपाशी त्यांना पोचवायला मीच जातो.

यंदा सकाळी यादीत निळे पुस्तक निघाले. खाडीतल्या मासेमारीच्या बोटींचे. ओद्वार आजोबा ते रोज वाचत. दहाला दार उघडले की येत, टोपी गुडघ्यावर ठेवत आणि एकाच पानावर तासभर बसत. मग उठून ते स्वतः कपाटात लावत, अगदी जिथल्या तिथे. माझ्यावर त्यांनी कधी काही ठेवले नव्हते.

मी चाक अडवून पाहिले.

"कुरकुरू नकोस रे," बाई म्हणाल्या. "मला तरी कुठे बरं वाटतंय." आणि शिक्का बसला. मीच ते पेटीपाशी पोचवले.

रद्दीवाला अकराला येणार होता.

दहाला आजोबा आले. निळ्या पुस्तकाच्या जागी बोटभर फट. त्यांनी वरचा खण पाहिला, खालचा पाहिला. पण विचारायला जाईनात. इथली माणसे बुडतानाही हाक मारणार नाहीत, कोणाला त्रास नको म्हणून. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. मागच्या अंगणात रद्दीची गाडी मागे घेतल्याचा आवाज आला.

शेवटी आजोबा बाईंच्या टेबलापाशी आले. "गुन्वोर, कामात असशील तर राहू दे."

"बोला ना, ओद्वार."

"ते बोटींचं पुस्तक कोणी नेलंय का?"

"ते? त्याला तर वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही."

"मी लावतो. रोज. त्यात माझ्या भावाचा तेवढाच एक फोटो आहे. त्याची बोट परत आली नाही."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "मग वाचून झाल्यावर कुठे ठेवता?"

"जिथून काढलं तिथं. आईनं तसंच शिकवलंय."

"अहो, गाड्यावर पाटी लावलीय ना, इथे ठेवा म्हणून."

"ती आळशांसाठी असेल असं वाटलं. तू एकटी बाई, त्यात माझी भर कशाला?"

बाईंनी मला धरले, मागच्या दारी धावत नेले आणि रद्दीवाल्यापुढे आडवे घातले.

"बाई, मला अजून चार गावं करायचीत."

"करशील. आधी ती पेटी खाली ठेव."

खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी पेटी उपसली. निळे पुस्तक तळाशी होते, एक कोपरा दुमडलेला. शिक्क्यावर त्यांनी नवी चिठ्ठी चिकटवली. आजोबांनी टोपीने धूळ पुसली.

माझी भीती अजून गेलेली नाही. असे गुपचूप वाचणारे आणखी किती असतील? त्यांची पुस्तके मी आजवर पोचवली असतील. म्हणून हात नसलेल्याची एक विनंती आहे. वाचून झाले की पुस्तक माझ्यावर ठेवा. मला त्रास होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा दहालाच आले. तासभर बसले. उठून सवयीने कपाटापाशी गेले, पुस्तक फटीत अर्धे सरकवले आणि थांबले. मग ते काढून माझ्याकडे आले. कोणी बघत नाही ना, हे पाहून त्यांनी ते माझ्या वरच्या फळीवर ठेवले आणि त्याची कड फळीच्या कडेशी नीट जुळवली.