भिंगरीला काम हवं होतं

बाहेर वादळी पाऊस आणि घरात उधळलेलं कुत्रं, यांत जास्त नुकसान कोण करतं, हे ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना सांगायला नको.

शिंपीकाका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत बसले होते. दुकान त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, आणि जुनी गिऱ्हाइकं आणून देतील तेवढं काम. सुई ओवायला त्यांनी मान वर केली आणि तेवढ्यात भिंगरीने कोटाची बाही पळवली. पलंगाखालून, टेबलाला वळसा घालून, थेट स्वयंपाकघरात. काका मागे धावले, बाही धरली, ओढली. टर्रकन आवाज झाला.

"झालं समाधान?" काका ओरडले.

भिंगरीने शेपटी हलवली. तिला वाटलं, अखेर कुणीतरी खेळायला आलं.

भिंगरी हे नाव काकूंनी ठेवलेलं. पिल्लू असताना ती स्वतःच्या शेपटीमागे इतकी गरगर फिरायची की काकू हसून हसून खाली बसायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ काकू तिला मैदानावर न्यायच्या. दोघी परत यायच्या तेव्हा जिन्यातच कळायचं, कारण काकूंचं बोलणं संपलेलं नसायचं. "आज कुणाशी भांडलीस सांग काकांना," असं म्हणतच त्या दार उघडायच्या.

त्या काकूंना दोन दिवसांच्या तापाने जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. घरात काका आणि भिंगरी उरले. काका तिला जमेल तसं फिरवून आणत. पण या आठवड्यात वारा असा सुटला होता की रस्त्यावर पत्रे उडत होते, मैदानात पाणी साचलं होतं आणि जिन्याच्या दारापलीकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. कोंडलेली भिंगरी दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावे, वाऱ्याने खिडकी वाजली की भुंके, आणि काही नाही सापडलं तर काकांच्या चपलेचा पट्टा चावे.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर उभा होता.

"काका, माफ करा, पण डोक्यावर घोडा नाचतोय असं वाटतं. बांधून ठेवा ना तिला."

काका ओशाळले. त्यांनी पिशव्यांना लावायचा जाड पट्टा घेतला आणि भिंगरीला मशीनच्या लोखंडी पायाला बांधलं. ती आधी ओढत राहिली, मग भुंकत राहिली, मग नुसती कण्हायला लागली. ते कण्हणं काकांना भुंकण्याहून वाईट वाटलं. त्यांनी मशीन जोरात चालवलं, म्हणजे ऐकू येऊ नये.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, आईचं कुत्रं आईने सांभाळलं. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? गोदामवाले मागतायत ना, द्या त्यांना. राखणीला ठेवतील."

गोदामवाले काकांचे जुने गिऱ्हाईक. शनिवारी येऊन घेऊन जातो म्हणाले होते. काकांनी हो म्हटलं होतं. हो म्हटल्यापासून त्यांना जेवण जात नव्हतं.

त्याच दिवशी त्यांची थोरली बहीण, अक्का, भेटायला आली आणि अडकली. पुलावर पाणी आलं, गाड्या बंद झाल्या. अक्काने सगळी उमर बालवाडी चालवण्यात घालवली होती. आवाज अजून तसाच, चाळीस पोरांना पुरेल असा. आत येताच तिने मशीनच्या पायाशी बघितलं.

"हिने काय गुन्हा केला?"

"कोट फाडला गिऱ्हाइकाचा. शिवाय दिवसभर धिंगाणा. खालचा ड्रायव्हर तक्रार करून गेला."

"तो आत्ता जिन्यात भेटला मला. वादळाने ड्युटी रद्द झाल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालतोय. बायको म्हणे, सकाळपासून तीनदा कपाट आवरलं आणि तीनदा तिच्याशी भांडला. त्याला बांधलंय का कुणी?"

काकांना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"अक्का, तो माणूस आहे."

"आणि ही काय, पायपुसणं? अरे, जी रोज मैदान पालथं घालते ती एकदम दोन खोल्यांत बसली, तर ती ताकद जाईल कुठे? माझ्या बालवाडीत पावसाळी दिवशी पोरं कोंडलेली असायची. नव्या आलेल्या बाई ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. मी कधी ओरडले नाही. मणी ओवायला दे, रंगीत खडे निवडायला दे, लपवलेली वस्तू शोधायला लाव. हात कामाला लागले की तोंड आपोआप बंद! दंगेखोर पोर म्हणून वेगळं काही नसतं रे. रिकामं पोर असतं."

"कुत्र्याला काय मणी ओवायला देऊ?"

"त्याला देवाने नाक दिलंय. नाकाला काम दे. एक जुना मोजा आण, आणि चिंध्या तर तुझ्याकडे ढिगाने असतील. सुया-टाचण्या बघून घे आधी, आणि दोऱ्याचं रीळ वर ठेव. गिळलं तर जिवावर बेतेल."

तिने मोज्यात बिस्किटाचा तुकडा घातला, भिंगरीला हुंगायला दिला आणि काकांना तिला स्वयंपाकघराच्या दारात धरायला लावलं. मग मोजा पलंगाच्या गादीखाली खोचला.

"सोड आता. आणि मदत करू नकोस. शोधू दे."

काकांनी पट्टा सोडला. त्यांना वाटलं, आता ही भिंतीवर आपटणार. पण भिंगरी धावली नाही. नाक जमिनीला लावून ती चालू लागली. आधी चपलांच्या फळीचा खालचा कप्पा. तिथे थांबली, हुंगलं, पुढे गेली. मग ट्रंकेमागे लोंबणारा पडदा. मग खिडकीखालची इस्त्रीची घडवंची. प्रत्येक ठिकाणी ती थांबायची, जणू ओळखीच्या घरी डोकावून पुढे जातेय.

"हिला कुणीतरी शिकवलंय," अक्का हळू आवाजात म्हणाली.

भिंगरी धान्याच्या डब्यामागे शिरली. तिचं अर्धं अंग आत, शेपटी बाहेर. खरवडल्याचा आवाज आला आणि ती काहीतरी तोंडात धरून उलटी बाहेर आली.

तो मोजा नव्हता. काकांच्या चष्म्याचं घर होतं. चामड्यावर दातांचे बारीक ठसे, आणि आत पावाचा वाळून दगड झालेला तुकडा.

काका खाली बसले.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी या चष्म्याच्या घरासाठी सगळं घर उलथंपालथं केलं होतं. पावसाळ्यात त्यांच्या वस्तू नेहमी गायब व्हायच्या. कधी बोटात घालायचं अंगुस्तान, कधी एक मोजा, कधी मापाची पट्टी. ते पुढच्या खोलीत मशीन चालवत असायचे आणि आतून काकूंचं हसणं, भिंगरीची नखं फरशीवर वाजल्याचा आवाज यायचा. "काय चाललंय आत?" असं त्यांनी विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही, तुमची पट्टी शोधतोय." आणि ते मशीन न थांबवता म्हणायचे, "विसरभोळी झालीयेस तू. वय झालं आता." काकू त्यावर फक्त हसायच्या.

"म्हणजे ती विसरत नव्हती, अक्का! ती लपवत होती! माझ्या वस्तूंना माझा वास, म्हणून माझ्याच वस्तू. आणि मी एकदाही उठून आत जाऊन बघितलं नाही गं!"

भिंगरी मात्र काम अर्धवट सोडणारी नव्हती. ती पलंगाकडे गेली, गादीखालून मोजा ओढून काढला आणि आणून ठेवला तो काकांच्या मांडीवर.

त्या दुपारी काकांनी मशीन बंदच ठेवलं. चिंध्यांच्या गुंडाळ्या करून प्रत्येकीत बिस्किटाचा चुरा घातला आणि खोका भरून भिंगरीपुढे ठेवला. ती एकेक गुंडाळी उलगडत बसली. जुन्या जीनच्या कापडाला गाठी मारून त्यांनी तिच्याशी रस्सीखेच केली आणि सपशेल हरले. संध्याकाळी भिंगरी दमून जी आडवी झाली, ती घोरायलाच लागली. खालचा ड्रायव्हर पुन्हा वर आला.

"काका, सगळं ठीक ना? एकदम शांत झालं, म्हणून काळजी वाटली."

"ठीक आहे. तुम्हाला काही काम नसेल तर बसा, गुंडाळ्या करू लागा," अक्का म्हणाली.

आणि तो खरंच बसला!

शनिवारी पाऊस कमी झाला तसे गोदामवाले आले. हातात नवी कोरी साखळी होती.

"हेच का ते दंगेखोर?" झोपलेल्या भिंगरीकडे बघून त्यांनी विचारलं.

"हेच," काका म्हणाले. "पण द्यायचं नाही ठरवलं. तुम्हाला उगाच खेप पडली, राग मानू नका."

"अहो, पण मुलगा तर म्हणाला, तुम्हाला त्रास होतो."

"त्रास तिला होत होता. मला फक्त ऐकू येत होता." काकांनी साखळीकडे बघितलं. "तुमच्याकडे आधीचं एक कुत्रं आहे ना? ते दिवसभर बांधलेलं असतं?"

"मग! सोडलं तर पोती फाडतं. फार वांड आहे."

काका उठले. त्यांनी चिंध्यांचं एक गाठोडं बांधलं, वर बिस्किटाचा पुडा ठेवला आणि गोदामवाल्यांच्या हातात दिलं. कसं गुंडाळायचं, कुठे लपवायचं, सुई-दोरा का बघून घ्यायचा, सगळं नीट सांगितलं. गोदामवाले आधी हसले. मग त्यांनी एक गुंडाळी स्वतः करून बघितली आणि विचारलं, "इतकी घट्ट चालेल का?"

"पहिल्यांदा सैल करा. त्याला जमलं असं वाटलं पाहिजे."

वाचकहो, आपल्या घरात, गल्लीत, शेजारी कुणीतरी बांधलेलं असतं. कधी कुत्रं, कधी पोर, कधी म्हातारं माणूस. त्यांनी आवाज केला की आपण पट्टा आखडतो, दार लावतो, नाहीतर आपलंच मशीन जोरात चालवतो. त्याआधी एकदा उठून आत जाऊन बघा. बहुतेकदा त्या जिवाला शिक्षेची नव्हे, कामाची आणि सोबतीची गरज असते. बांधायला एक गाठ पुरते, सोबतीला आपला वेळ द्यावा लागतो. तो वेळ माणूस जवळ असतानाच द्या.

गोदामवाले गाठोडं काखेत मारून जिना उतरले. साखळी ते टेबलावर विसरले होते. काकांनी हाक मारली, तर खालून उत्तर आलं, "राहू द्या काका. आज नेत नाही."