घरचा नंबर

"नंबर तोच राहील ना?" एकनाथने पुन्हा विचारलं.

स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडणारा नेटवाला दिपेश या खेपेला हसला नाही. ड्रिल थांबवून म्हणाला, "नाय काका. हा नेटवरचा फोन हाय, याला नंबर वेगळा येणार. पण बोलायला एकदम स्वस्त. कुठं पण लावा, कितीपण वेळ बोला."

"पण लोक तर जुन्याच नंबरावर करतील."

"कोण लोक, तात्या?" मुलाची, शैलेशची, कंपनीची पाळी दुपारची होती, त्याला घाई होती. "वर्षभरात त्या फोनवर कोणाचा फोन आला, सांगा. लोन घ्या म्हणणारे, नायतर लॉटरी लागली म्हणणारे. बोईसरचा रस्ता खणला की केबल तुटते, मग महिनाभर मुका. अर्ज करून नंबर ठेवता येतो म्हणतात, पण कोण मारणार त्या खेपा?"

एकनाथने बायकोकडे पाहिलं. मंदा खाटेवर बसून सुनेच्या मोबाइलवर मस्कतच्या लेकीशी, रिद्धीशी, बोलत होती. घरात नेट आलं त्याच दिवसापासून रिद्धी रोज दिसायला लागली होती. तिची धाकटी दात नसलेलं तोंड उघडून हसायची आणि मंदा इकडे तोंडाला पदर लावायची. पूर्वी लेकीचा फोन आला की मीटर पळतोय या धास्तीने निम्मं बोलणं पोटातच राहायचं.

"काढून टाका की," मंदा मान वर न करता म्हणाली. "आवाज नाय तर भाडं कशाला भरायचं?"

 एकनाथ उठून मागे चिकूच्या वाडीत गेला.

बेटेगावात त्यांच्या आळीत पहिला फोन एकनाथच्या ओटीवर आला होता. वाशीचे व्यापारी चिकूच्या पेट्या ठरवायला त्याच नंबरावर फोन करत. आळीतल्या कोणाच्या घरी बाळ झालं, कोणी दवाखान्यात गेलं, की आधी एकनाथकडे घंटा वाजायची. तो हातातलं काम टाकून, बांधावरून उड्या मारत निरोप पोहोचवायचा. रात्री जेवताना मंदा म्हणायची, "तुमी काय पोस्टमन हाय का?" तर त्याला त्याचाच आनंद. कोणी नाव विचारलं तर नावाच्या मागोमाग तो नंबरही सांगायचा, एका दमात, कोडसकट, कवितेसारखा. मोबाइल त्याला कधी जमला नाही. शैलेशने घेऊन दिलेला वाडीत कुठेतरी हरवला, दुसरा पाण्याच्या टाकीत पडला, आणि मग त्यानेच नको म्हटलं.

विसराळूपणा पावसाळ्यानंतर सुरू झाला. आधी विळा कुठे ठेवला ते आठवेना. मग हेमांगीला, स्वतःच्या सुनेला, तो एके दिवशी "तुमी कोणाकडच्या?" असं अदबीने विचारता झाला. पालघरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शैलेशला बाजूला घेऊन सांगितलं, हे आता उतरणीला लागलेलं आहे, एकटं सोडू नका. हेमांगीने नव्या फोनचा नंबर त्याला शिकवायचा चंग बांधला. सकाळी चहाबरोबर ती म्हणून घ्यायची. तोही शहाण्या मुलासारखा मागे म्हणायचा आणि कप खाली ठेवेपर्यंत विसरायचा. मंदा त्याच्या खिशात चिठ्ठी घालायची. तो ती काढून चुरगळून टाकायचा.

"मला काय येडा समजतेस? माझ्या घरचा नंबर मला पाठ हाय."

आणि मग तो जुना नंबर धडाधडा म्हणून दाखवायचा. एक आकडा इकडचा तिकडे नाही. माणसं गेली, गावं गेली, काल काय खाल्लं ते गेलं, पण तो नंबर तेवढा राहिला. मंदाला कधी कधी वाटायचं, सांगावं यांना, तो नंबर आता बंद आहे. पण एवढी एकच गोष्ट ज्याला नीट येते, त्याला ती चुकीची आहे असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

चैत्र संपत आला होता. शैलेश त्याला केस कापायला बोईसरला घेऊन गेला. परतताना औषधांच्या दुकानासमोर गाडी उभी केली. "तात्या, इथंच बसा. हललात नाय पायजे," असं दोनदा बजावून तो आत शिरला. दुकानात गर्दी होती. बाहेर आला तेव्हा गाडी होती, तात्या नव्हते.

शैलेशने स्टेशनचा रस्ता पायाखाली घातला, रिक्षावाल्यांना विचारलं, कंपनीतल्या मित्रांना बोलावलं. कोणीतरी म्हणालं, असा एक म्हातारा विरारकडच्या गाडीत चढताना दिसला. कोणी म्हणालं, वाणगावकडच्या. पोलिसांत तक्रार दिली. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि ते त्याला ठाऊकही नव्हतं.

मंदा दारातच उभी होती.  हेमांगीचा मोबाइल घेऊन ती ओटीच्या कोपऱ्यात गेली. तिच्या मनात दुपारपासून एकच गोष्ट फिरत होती, की हे कोणाला तरी नंबर सांगत असतील. तिने तो जुना नंबर लावला. घंटा वाजली नाही. एक बाई गोड आवाजात म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. मंदाने पुन्हा लावला. ती बाई पुन्हा तेच, त्याच आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेलिफोन ऑफिस उघडायच्या आधी मंदा आणि हेमांगी पायरीवर जाऊन बसल्या होत्या. शैलेशला सांगितलं नव्हतं. तो माणसं घेऊन सफाळ्याकडे गेला होता.

"साहेब, आमचा जुना नंबर चालू करून द्या. नेहमीसाठी नको. माणूस घरी येईपर्यंत."

टेबलामागचा माणूस वयस्कर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"काकू, तुमच्या बाजूची तारच काढून नेलीय. नंबर दिला तरी तो वाजणार कुठं?"

"मग दुसरीकडं वाजू दे. इथं वाजू दे. मी इथं बसते."

त्या माणसाने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने सासूच्या दंडाला धरलं, आणि मंदा उठली. हट्ट करायची तिला सवय नव्हती.

एकनाथ सापडला तो वैतरणा खाडीत. ओहोटीला जाळं बघायला गेलेल्या मच्छीमारांना तिवरांच्या मुळांत अडकलेला दिसला. शैलेशने ओळखलं ते नव्याने कापलेल्या केसांवरून. बोटींवरच्या त्या माणसांनी त्याला बाहेर काढून स्वतःची लुंगी अंगावर घातली होती. पोलीस म्हणाले, संध्याकाळपर्यंत वैतरणा स्टेशनवर बसलेला लोकांनी पाहिला होता, पुढे अंधारात रुळांच्या कडेने चालत गेला असावा आणि घसरला असावा.

रिद्धी मोबाइलच्या पडद्यावरूनच रडली. तिला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

बारावं झालं, पाहुणे पांगले. त्यानंतर एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी पाटी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पाय धुळीने माखलेले.

"एकनाथ बाबांचं घर हेच का? मी बुधी. वैतरण्याला टेसनात ताडगोळे विकते. पोलिसांनी मला फोटो दाखवलेला, नाव-गाव पण त्यांनीच सांगितलं."

मंदाने तिला आत घेतलं. ती जमिनीवर बसू लागली तर हाताला धरून खाटेवर आपल्याशेजारी बसवलं. पाणी दिलं. बुधीने ते एका घोटात संपवलं आणि तांब्या मांडीवरच धरून ठेवला.

"बाकड्यावर बसलेले. मी बोलले, बाबा, कुठं जायचा? बोलले, घरी. गाव कुठला? तर गाव आठवत नाय. मग बोलले, फोन हाय का? नंबर सांगतो, लाव. आणि नंबर कसा सांगितला, एकदम पक्का! मी लावला. ती मशीनवाली बाई बोलली, असा नंबरच नाय. मी बोलले, बाबा, लागत नाय. तर मला बोलले..."

"काय बोलले?"

"बोलले, वाजू दे. लगेच ठेवू नको. ती चुलीपाशी असेल, हात धुवून यायला वेळ लागतो तिला."

मंदाने तिच्या मांडीवरचा तांब्या काढून खाली ठेवला.

"लय वेळा लावला, बाई. एका कॉलेजच्या पोरीनं पण तिच्या फोनवरून लावला. ते आपले, वाजू दे, वाजू दे. शेवटी मी खोटाच कानाला धरला. बोलले, हां बाबा, वाजतोय. तवा ते जरा शांत झाले. हसले पण." बुधीने पाटी पायापाशी ओढली. "मग माझी गाडी आली. मी बोलले, चला माझ्यासंगं, माझ्या घरी झोपा, सकाळी बघू. तर बोलले, मी हललो तर घ्यायला येणाऱ्याची चुकामूक होईल. मी गेले, बाई. घरी पोरं होती लहान. मी थांबाया पायजे होतं."

"तू काय करणार, बाय," मंदा म्हणाली. "तू त्यांच्यापाशी बसलीस. आमच्यातलं कोण नव्हतं."

तिने बुधीला जेवायला वाढलं. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. वाडीतले चिकू तिच्या पाटीत भरले आणि रस्त्यापर्यंत सोडायला गेली. टमटम वळणाआड गेल्यावरही ती तिथेच उन्हात उभी राहिली.

परतली तेव्हा शैलेश ओटीवर होता. पंधरा-वीस दिवसांत त्याची गालफडं बसली होती. ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. हेमांगीने सांगून पाहिलं, मित्रांनी सांगून पाहिलं.

"कोण होती ती?"

"वैतरण्याची. ताडगोळेवाली."

तो ताडकन उभा राहिला. "तिनं पाहिलं तात्यांना? काय म्हणाले ते? आई, कोणाला फोन लावायला सांगितला का त्यांनी? नंबर सांगितला?"

स्वयंपाकघराच्या दारात हेमांगी थबकली. मंदाने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"नाय रे," ती म्हणाली. "नंबर कुठला आठवतोय त्यांना? आपलं नाव पण सांगता आलं नाय म्हणे. हिनं ताडगोळे दिले, ते खाल्ले. पाणी प्याले. मजेत होते म्हणाली. हसत होते."

"खरंच नाय सांगितला?"

"सांगते ना तुला. तेवढं पण विसरले होते."

शैलेश हळूहळू खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून तो पहिल्यांदाच मोठ्याने रडला. मंदा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं आणि खाली बघूनच म्हणाला, "भात हाय का?"

तिने त्याला भात वाढला, वर सुक्या बोंबलाचं कालवण घातलं. तो जेवला. तिने न विचारता पुन्हा वाढलं, तेही जेवला. मग खरकटी भांडी घेऊन ती मागच्या मोरीवर गेली, नळ पुरा सोडला आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.