वनाने फक्त मला सांगितलं

मी मैना बोलतेय. धुळ्यातल्या देवपूरची, नवरदेवाची घोडी. वरातीत मला पाहून तुम्ही लेकराला कडेवर उचलून दाखवलं असेल. त्या जरीच्या झुलीखाली मी किती घामाघूम असते, ते मात्र कोणी पाहत नाही.

सारंगखेड्याच्या बाजारातून तोतारामनानांनी मला आणलं, तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची होते. नाना माणूस वाईट नाहीत, पण धंदा तो धंदा. शेजारी ढोल वाजवायचा आणि पायावर छडी मारायची, असं त्यांनी मला नाचायला शिकवलं. आता छडी लागत नाही. ढोल वाजला की पाय आपोआप उचलले जातात.

आमच्या भिंतीला लागून भिकुबाईचं घर. गेल्या वर्षी तिचा भाऊ वना तिच्याकडे येऊन राहिला. तो भुसावळला रेल्वेत गँगमन होता. रुळांवर काम चालू असताना त्याचा जोडीदार आधार गाडीखाली गेला, आणि तेव्हापासून वनाची वाचाच बसली. डॉक्टर झाले, देवधर्म झाला. भिकुबाई त्याच्यापुढे ताट ठेवून रडायची, तो भिंतीकडे बघत राहायचा.

एके दिवशी तो आपणहून आला आणि माझ्या अंगाला खरारा करू लागला. नानांनी हटकलं नाही. फुकट राबणारा माणूस कोणाला नको असतो? मग रोज सकाळी तो मला पांझरा नदीवर न्यायचा. माणसं माणसाला बरं करायला निघाली की आधी प्रश्न विचारतात. मला विचारता येत नाही, एवढाच माझा गुण. महिनाभराने माझ्या मानेवर कपाळ टेकवून तो बोलला.

“मना हातमा शिट्टी व्हती वं माय. गाडी उनी तवय मी तमाखू मळी ऱ्हायंतू.”

गाडी दिसताच शिट्टी फुंकून बाकीच्यांना बाजूला करायचं, हेच त्या दिवशी त्याचं काम होतं, आणि तंबाखू मळण्याच्या नादात ते राहून गेलं. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर तो रोज थोडं थोडं सांगायचा आणि घरी जाऊन पोटभर जेवायचा. भिकुबाईला वाटलं, भाऊ बरा झाला. मलाही तसंच वाटलं.

ते वाटणंच नडलं. उन्हाळ्यात तिच्या मुलाचं, नवीनचं लग्न निघालं. घोडी मामाच्या हातात शांत राहते, तर मामानेच लगाम धरावा, असं सगळ्यांनी ठरवलं. वनाला फेटा बांधला. तो चक्क हसला.

चौकात बँडमास्तरने गाणं बदलायला जोरात शिट्टी फुंकली. वनाने लगाम सोडला, खाली बसला आणि “आधार, सरक” म्हणत नाचणाऱ्यांचे पाय धरून ओढू लागला. लोकांना वाटलं, मामा रंगात आलेत. त्यांनी त्याच्याभोवती फेर धरला, ढोल आणखी जोरात सुरू झाला. वना सरकत सरकत माझ्या पायांशी आला. मला थांबायचं होतं, अगदी देवाशपथ थांबायचं होतं. पाय थांबले नाहीत. माझा खूर त्याच्या हातावर पडला.

त्याची बोटं सांधली म्हणे. पण तो पुन्हा मुका झालाय, आणि आता घरचे त्याला माझ्याकडे येऊ देत नाहीत.

परवा भिकुबाई एकटीच माझ्याजवळ आली. मानेवरून हात फिरवत म्हणाली, “तुले तरी त्यानी काही सांगेल शे का वं?”

मी मान खाली-वर हलवली, पुन्हा हलवली. तिला वाटलं, माशा बसल्यात. पदराने तिने त्या हाकलल्या आणि ती निघून गेली.

तुम्हाला बोलता येतं. तिला एवढं सांगा, की वनाला काही विचारू नका, नुसतं माझ्याजवळ आणून सोडा. तो सांगेल, मी ऐकेन. फक्त जवळपास ढोल वाजत असेल, तर त्याला माझ्यापासून लांब धरा. तेवढा वेळ माझे पाय माझे नसतात.