अडलेली ओळ

भावाने रिपोर्टची घडी केली आणि ताईच्या चपला पायानेच तिच्या पुढ्यात सरकवल्या.

"चल ताई. दोन्ही स्कॅन कोरे निघाले. उगाच जिवाला घोर."

"बस खाली. बाईंचं बोलणं संपलेलं नाही."

सर्जनबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यात चार ठिपके दिले. "रोग आहे, हे रक्ताने केव्हाच सांगितलंय. कॅल्शियम वाढलंय, ते वाढवणारं हार्मोनही वाढलंय. हाडं दुखतात, डोकं मध्येच चालेनासं होतं, ते त्यानेच. या चार बारक्या ग्रंथींपैकी एखादी चेकाळलीय. ती कुठली, एवढंच स्कॅनला विचारलं होतं. त्यांनी हात वर केले."

"सापडली असती तर?" ताईने विचारलं.

"तर एकाच बाजूला लहानशी चीर. आता दोन्हीकडे शोधावं लागेल. आवाजाच्या नसा तिथूनच जातात. धोका कमी आहे, पण आहे."

"मग राहू द्या," भाऊ म्हणाला. "आवाज गेला तर हिचं कामच गेलं."

काम म्हणजे प्रॉम्प्टिंग. भाऊ नाटकात उभा राहायचा आणि ताई विंगेत बसून, अडला की शब्द पुरवायची. शब्द काय, कुणीही वाचेल. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखणं खरं काम. भाऊ विसरला की त्याचा हात शर्टाच्या बटणाकडे जायचा. तो गेला नाही तर ताई हूं की चूं करत नसे.

गेल्या हंगामात हात बटणाकडे गेला. संहिता मांडीवर, बोट ओळीवर, पण ताईच्या डोक्यात नुसतं धुकं. अक्षरं दिसत होती, वाचता येईनात. भावाने खोकून वेळ मारून नेली. लोकांना पत्ताही लागला नाही. ताई मात्र घरी येऊन ढसाढसा रडली. हाडांचं दुखणं तिने सोसलं होतं, हे तिला सोसवेना.

"आवाज बसला तर कुजबुजेन," ती आता म्हणाली. "नाहीतरी जन्मभर तेच केलंय. पण ओळच सापडली नाही, तर कुजबुजू काय? बाई, दोन्हीकडे शोधा."

भावाने बरीच हुज्जत घातली. ताईने चपला पुन्हा खुर्चीखाली सारल्या.

बाईंना ग्रंथी सापडली ती डावीकडे, अगदी खाली दडलेली. जेमतेम शेंगदाण्याएवढी. ती काढल्यावर हार्मोन झरझर उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खाटेशी आल्या.

"काहीतरी बोला. आवाज ऐकू दे."

ताईने भावाकडे पाहिलं. घसा खरखरत होता, पण शब्द सुटे, स्वच्छ आले.

"दार मी लावलं नव्हतं..."

भावाने झटकन मान वर केली. त्या रात्रीची, अडलेली ओळ. "फक्त ओढून घेतलं होतं," एवढंच त्याने म्हणायचं होतं. तो म्हणेना.

"पुढचं विसरले वाटतं," बाई भावाकडे बघून हसत म्हणाल्या.

ताईने त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात खाटेच्या कडेवर घट्ट होते. बटणाकडे गेले नव्हते.

तिने शब्द दिला नाही.